लेकरांच्या हाती रोप कशाला, दाणे द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. तुमचा पेपर आमच्याकडे एसटीने येतो, चहाच्या टपरीवर दुपारपर्यंत त्याची पानं सुटी होऊन जातात, म्हणून हे पत्र छापलं तरी कोणीतरी दाखवेल तेव्हाच मला दिसेल, पण लिहायचं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. निमित्त झालं परवाच्या मेसेजचं. ग्रुपवर आला, ५ जूनला पर्यावरण दिन आहे तरी सर्वांनी लहान मुलांच्या हस्ते वृक्षारोपण करून फोटो टाकावे.

आता ५ जूनला आपल्या विदर्भात काय असते ते तुम्हाला सांगायला नको. नवतपा (सगळ्यात जास्त तापणारे नऊ दिवस) नुकताच संपलेला, रोहिणी सुरू, मृग लागायला दोन-तीन दिवस बाकी आणि नीट पाऊस यायचा तो त्याच्याही पुढे आठवडा नाहीतर पंधरवडा. काळ्या जमिनीला एवढाल्या भेगा की लेकराचा पाय चपलीसकट आत जाईल. शाळासुद्धा आपल्याकडे उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी-शेवटी उघडतात, म्हणजे ऊन आपल्याकडे वेगळं आहे हे सगळ्यांना मान्य आहे, फक्त झाड लावायच्या तारखेला ते कोणाला आठवत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते, गाव कोणतं ते जाऊ द्या. असाच कार्यक्रम होता. खड्डे आदल्या दिवशी मजुराने खोदून ठेवलेले, पाहुणे दीड तास उशिरा आले, तोपर्यंत लेकरं टोप्या घालून लाईनीत उभी. मग एकेका रोपाला चार-चार लेकरांचे हात लावून फोटो झाले, बिस्किटं वाटली, संपलं. पाऊस पडल्यावर जुलैत आमच्या मदतनीस ताईंनी एक वाकडं झालेलं रोप सरळ करायला ओढलं तर काळ्या पिशवीसकट वर आलं. पिशवीच काढली नव्हती! आमचा एक चार वर्षांचा पोरगा, त्याला आम्ही सगळे कलेक्टर म्हणतो कारण येता-जाता ऑर्डर सोडतो, तो तिथंच होता. म्हणाला, ताई, हे झाड पिशवीत काऊन हाये? मी काय सांगू त्याला. राहिलेली रोपं दिवाळीपर्यंत बकऱ्यांनी संपवली आणि पुढच्या वर्षी खड्डे तेच, पाहुणे दुसरे.

तेव्हापासून माझं मत झालं ते झालं, की तीन ते सहा वर्षांच्या लेकराच्या हाती झाडाचं रोप देऊच नये. झाडं लावायची नाहीत असं नाही, मोठ्यांनी खुशाल लावावी, जगवावी, मृगाच्या दोन-तीन चांगल्या सरी झाल्यावर लावावी. पण चार वर्षांच्या पोराचं "उद्या" म्हणजे झोपून उठलं की संपते. आंब्याला, चिंचेला फळ येईपर्यंत त्याचं लग्न होऊन जाईल. त्याला असं काहीतरी पाहिजे जे परवा दिसते आणि महिन्याभरात खाता येते, म्हणजे मेथी, मुळा, बरबटी (चवळी). मेथीचे दाणे रात्री भिजत घालून सकाळी टाकले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीला उचलून वर येतात, पंचवीस-तीस दिवसांत भाजी तोडता येते. मुळाही तसाच लवकर निघतो, त्याचा पाला तर आधीच खाता येते. सांबार (कोथिंबीर) लेकरांना आवडतो कारण धणे चपलेने घासून त्याचे दोन भाग करायचे असतात, त्यात त्यांना खूप मजा येते, पण तो निघायला आठ-दहा दिवस नाहीतर जास्तच घेते, तोपर्यंत अर्ध्या लेकरांना आपण काय पेरलं तेच आठवत नाही. म्हणून पहिलं पीक सांबाराचं नको, हे मी चुकून शिकले.

चुका मी भरपूर केल्या, ते लपवत नाही. पहिल्या वर्षी मी अंगणवाडीच्या मागं भेदरं (टमाटर) आणि मिरच्यांचं रोप लावलं, आळे केले, काड्या रोवल्या, पाणी घातलं, सगळं मी आणि मदतनीस ताईंनीच. लेकरांना रोज दहा मिनिटं तिथं उभं करून दाखवायचे, पाहा फूल आलं, पाहा भेदरं आलं, हात लावू नका. परसबाग मस्त दिसत होती, तपासणीला आलेल्या मॅडमनी पण छान म्हटलं. आणि लेकरं कुठं होती तर बाजूच्या नळाजवळ चिखलात, तिथं त्यांनी आपलं वेगळंच वावर तयार केलं होतं, काडीने तास पाडले होते, त्यात खडे पेरले होते आणि एक जण बैल झाला होता. मी त्यांना तिथून उठवून परसबाग दाखवायला नेत होते, म्हणजे बघा.

दुसऱ्या वर्षापासून मग प्रत्येकाला एक डबा. आईस्क्रीमचे, श्रीखंडाचे, पेंटची बादली, फुटक्या माठाचं बूड, जे घरून येईल ते. कापलेला टिनाचा पिपा तेवढा घेत नाही, कडा हाताला लागतात. बुडाला भोकं मी तापल्या खिळ्याने पाडते, हे काम लेकरांचं नाही. नाव लिहून उपयोग नाही, वाचता कोणाला येते, म्हणून प्रत्येक डब्यावर एकेक चित्र. ट्रॅक्टर तिघांना पाहिजे होता, शेवटी लाल ट्रॅक्टर, निळा ट्रॅक्टर आणि नुसतंच ट्रॅक्टरचं चाक असं जमवलं.

माती हा मोठा विषय आहे बरं का. आपली काळी माती कपाशीला कितीही चांगली असली तरी डब्यात नुसती भरली तर पाणी पडलं की गोळा होते आणि ऊन लागलं की दगड. कोंब वर येऊच शकत नाही, पाणी साचून बी सडून जाते. ती एक भाग, नाल्याची बारीक रेती एक भाग आणि जुनं कुजलेलं शेणखत एक भाग, असं घमेल्याने मोजून लेकरांनीच कालवायचं. ओलं शेण नाही, वर्षभराचं, ज्याला वास येत नाही आणि हातात घेतलं की भुरभुर सुटते ते. हे कालवायला माझा एक तास जाते, अर्धी माती अंगावर, पण मला विचाराल तर सगळ्या कामातलं हेच काम त्यांच्या जास्त आवडीचं, पेरण्यापेक्षाही. खतातून गांडूळ निघालं की त्या दिवशी बाकी काही होत नाही. एका पोरीने गांडूळ तळहातावर घेऊन विचारलं होतं की याचं तोंड कोणीकडे आहे, आम्ही सगळे वाकून बघत बसलो, ते ज्या बाजूने पुढं सरकलं ते तोंड असं ठरलं.

पेरायचं माप लेकरांच्या बोटातच असते. बरबटीचा दाणा बोटाचं पहिलं पेर जाईल एवढं खोल, मेथीवर नुसती चिमूट-चिमूट माती भुरभुरायची. शेतकऱ्यांना हे सांगायची गरज नाही, बी जेवढं जाड त्याच्या दुप्पट खोल, पण मोठी माणसं लेकरांच्या डब्यात हमखास दोन इंच खोल पेरून देतात आणि मग म्हणतात निघालं नाही. दाणे मी घरच्या डब्यातलेच घेते, किराणा दुकानातली मेथी, धणे, मोहरी, बरबटी सगळं उगवते, पाकीट कशाला पाहिजे.

कलेक्टर साहेबांनी पहिल्या दिवशी मेथी पेरली. दुसऱ्या दिवशी उकरून पाहिली. तिसऱ्या दिवशी पण उकरली तेव्हा दाण्याला एवढासा पांढरा कोंब आला होता, तो त्याच्या नखाने तुटला, मग जे रडणं सुरू झालं ते खिचडी येईपर्यंत. मी रागावणार होते पण मग वाटलं बरोबरच करते हा, आत काय चाललं ते पाहायचंच आहे त्याला. मग एक काचेचा ग्लास घेतला, आतून ओलं फडकं गोल बसवलं आणि काच अन् फडक्याच्या मधात बरबटीचे चार दाणे अडकवले. आता उकरायची गरज नाही, बाहेरूनच दिसते. आधी मूळ निघाली, खाली गेली. चार-पाच दिवसांनी त्याने कोणाला न विचारता ग्लास आडवा करून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी मूळ पुन्हा वळून खाली निघाली होती. पूर्ण सकाळ तो ग्लास या हातातून त्या हातात. एकाने विचारलं, तिला खालची बाजू कोण सांगते? याचं उत्तर मी आजही नीट देऊ शकत नाही, मुळीला वजनाची ओढ कळते एवढंच सांगितलं, त्यावर कलेक्टर म्हणाला, ते विहीर पाह्यते.

पाण्याचं सांगते. पोरांना पाणी घालायला लय आवडते आणि तिथंच डबे मरतात. बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडून दिली की निदान धार पडत नाही, फवारा पडते. बोट मातीत घालून पाहायचं, ओलं लागलं तर आज सुट्टी, हा नियम लेकरांना सांगून समजते पण पाळवत नाही. डब्यांच्या पहिल्या वर्षी सव्वीसपैकी नऊ डबे पाण्याने मेले, तीन डबे पाण्याविना मेले आणि एक कोंबडीने संपवला. आमच्या एका सोबतीणीने सल्ला दिला की रात्रीतून मेलेला डबा बदलून टाक, लेकराला काय समजते. मी एकदा तसं केलं पण होतं. त्या पोरीने सकाळी आल्या-आल्या सांगितलं, हे माह्यावालं नाई. त्यानंतर मी कधीच बदलला नाही. मेलं तर मेलं, त्याच डब्यात परत पेरायचं, माती तीच, डबा तोच. कसं मेलं ते लेकरं आपसातच ठरवतात आणि बहुतेक वेळा बरोबर ठरवतात.

एक वेळापत्रकाची गोष्ट राहिली, कारण मेथी मेथी म्हणून मी सांगते आणि कोणी ऐन जुलैत उघड्यावर लावून मोकळं व्हाल. भर पावसाळ्यात मेथी सडते. मृगानंतर कुंपणाला बरबटी, दोडके, कारलं, गंगाफळ (लाल भोपळा) लावावं, मोठं-मोठं बी, लहान हाताला पकडता येते. मेथी, पालक, सांबार, मुळा हे दसऱ्यानंतर, थंडी लागता-लागता. वेलांमध्ये एक अडचण आली जी मला आधी सुचलीच नव्हती. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलते आणि आमची अंगणवाडी सुटते दुपारी. लेकरं रोज विचारत, ताई फूल कधी उघडते, आणि रोज सकाळी पाहावं तर मिटलेली नाहीतर सुकलेली. मग एका पोरीची आजी तिला दिवे लागायच्या वेळेला घेऊन आली, तिथंच कुंपणाजवळ दोघी बसल्या आणि ती पिवळी फुलं एकेक करून उघडली. दुसऱ्या दिवशी ती पोरगी काय भाव खात होती! आजीनेच तिला सांगितलं की आधी येतात ती खोटी फुलं, खरी फुलं मागून येतात, त्यांच्या बुडाला बारकुसा दोडका आधीपासूनच असते. खोटी म्हणजे नर फुलं, हे पुस्तकात वरच्या वर्गात येते, आमच्या लेकरांना आता ते बोटाने दाखवता येते. गंगाफळाचं फूल मात्र सकाळी लवकर उघडते, ते त्यांनी स्वतः पाहिलं, भुंगा आत जाऊन पिवळा होऊन बाहेर निघाला ते पण.

आता सगळ्यात अवघड भाग. मला वाटत होतं गावात तर सगळे कास्तकार, पालक खूश होतील. पहिल्याच आठवड्यात एका पोराचे वडील आले, चिखलाचा शर्ट हातात घेऊन. म्हणाले, "मॅडम, आमी जनमभर मातीच उकरली, आता पोराले बी तेच शिकवता का? शिकाले पाठवतो त्याले आमी, निंदाले नाई." मी चूप झाले. कारण ते काही चुकीचं बोलत नव्हते. शहरातली माणसं फी भरून लेकरांना मातीत खेळायला पाठवतात म्हणे, त्यांना माती म्हणजे हौस आहे. आमच्याकडे माती म्हणजे कर्ज, नापिकी, उन्हात वाकलेली पाठ, आणि मायबापाची एकच इच्छा की लेकराने यातून निघावं. मी त्यांना एवढंच म्हटलं की भाऊ, एक दिवस येऊन पाहा, मग तुम्ही सांगाल तसं. ते आले, मागं उभं राहून पाहिलं. त्या दिवशी लेकरं मेथीच्या काड्या मोजत होती, कोणाच्या डब्यात किती, आणि त्यांचा पोरगा सतरापर्यंत मोजून अठराला अडकला. ते काही बोलले नाही. नंतर एक दिवस सायकलवर रेतीची थैली आणून ठेवून गेले, तेव्हाही काही बोलले नाही.

दुसरी भीती विषाची, आणि ती खरी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर मेले ते आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. म्हणून काही गोष्टी मी फार कडक पाळते. पेरणीचं उरलेलं गुलाबी, निळं, हिरवं रंगवलेलं बी लेकरांच्या हाती कधीच नाही, त्याला औषध लावलेलं असते, आणि रंगामुळे लेकराला ती गोळीच वाटते. औषधाचा रिकामा डबा किंवा बाटली कितीही धुतली तरी पाणी घालायला घ्यायची नाही, आपल्याकडे अर्ध्या घरात न्हाणीत तेच डबे असतात म्हणून सांगते. फवारणीचा पंप तिथं आणायचाच नाही. पावसाळ्यात दगड, विटा, डब्यांचे ढीग हलवायचं काम मोठ्यांचं, खाली विंचू असते, कधी साप. पायात चप्पल, काम झाल्यावर साबणाने हात, नखं बुधवारी कापायची. पानांवर मावा कीड आली तर लेकरं बोटाने चिरडतात नाहीतर पाण्याने धुतात, दुसरं काही नाही.

आणि एक अळीचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंगणवाडीच्या दाराजवळ गोडलिंबाचं (कढीपत्त्याचं) झुडूप आहे. त्याच्या पानावर एका पोरीला चिमणीची शीट दिसली आणि ती शीट चालायला लागली. ती अळी होती. लहान असताना तशीच दिसते, काळी-पांढरी, पाखराने खाऊ नये म्हणून. मग मोठी होत गेली तशी हिरवीगार झाली. कलेक्टरने काडी लावली तर डोक्यामागून दोन नारंगी शिंगं बाहेर काढली आणि असा उग्र वास सोडला की सगळे मागं सरकले, आणि मग सगळ्यांना काडी लावायची होती. एका लेकराच्या काकांचा संत्र्याचा बगीचा आहे, ते पाहून म्हणाले, ही तर आमच्या कोवळ्या संत्र्याची दुश्मन, मारून टाका. त्यावर दोन पार्ट्या पडल्या, खूप भांडण झालं, आणि शेवटी असं ठरलं की काकांच्या बगीच्यात मारायची आणि इथं नाही मारायची. बगीचेवाल्याचं नुकसान मी समजू शकते, पण अंगणवाडीच्या गोडलिंबाची चार पानं गेली तर आमची फोडणी काही अडत नाही. पुढं तिचा कोष झाला, आणि एका सोमवारी तो रिकामा सापडला. रविवारी आम्हाला सुट्टी होती. लेकरं फार नाराज झाली, मी पण.

हे सगळं काही मी शोधून काढलेलं नाही हो. आपल्याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली होती, तिथून नई तालीम निघाली, हाताच्या कामातून शिक्षण. ती सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती, लहानग्यांचा विचार नंतर झाला, पण गोष्ट तीच. सेवाग्रामला आजही त्या पद्धतीची शाळा आहे, तिथली मुलं भाजीपाला पिकवतात. त्याच्याही आधी जर्मनीत फ्रोबेल नावाच्या गुरुजींनी १८४० मध्ये लहान मुलांच्या शाळेला नाव दिलं किंडरगार्टन, म्हणजे सरळ मुलांची बाग, आणि त्यांच्या बागेत प्रत्येक मुलाचा वेगळा वाफा असावा असं त्यांचं म्हणणं होतं. आपण बालवाडी म्हणतो, त्यात पण वाडी आहेच. आपल्या आज्यांची सांदवाडी असायची ना, न्हाणीच्या पाण्यावर केळ, अळू, दोडक्याचा वेल, तीच वाडी. आता सांदवाडीत सिमेंट टाकलं आणि बालवाडीत भिंतीवर भाज्यांची चित्रं काढली. माझ्या अंगणवाडीत पण काढली आहेत, पेंटरने वांगं गाजरापेक्षा लहान काढलं.

आणि नवरात्रातले घट तर घराघरात बसतात. टोपलीत काळी माती, त्यात गहू, वर मडकं, नऊ दिवस पाणी. यापेक्षा चांगला पहिला धडा कोणता, पण लेकराला तिथं हात लावू देत नाहीत, देवाचं आहे म्हणून. मागच्या नवरात्रात मी लेकरांना सांगितलं घरी घटाचे कोंब कोणत्या रंगाचे आहेत ते पाहून या, आणि इथं उन्हात त्याच दिवशी एक टोपली आम्ही पण पेरली होती. देवघरातले पिवळे, लांब, लुळे, आणि आमचे हिरवे, आखूड. पिवळे काऊन, हिरवे काऊन, यावर आठ दिवस चर्चा. एका आजीने निरोप पाठवला की घट पिवळेच चांगले असतात, उगाच लेकरांना काही शिकवू नका. मी म्हटलं बरोबर आहे आजी, देवाचे पिवळे, आमचे हिरवे.

लेकरं स्वतः लावलेली भाजी आवडीने खातात असं सगळे लिहितात. आमच्याकडे काहींनी खाल्ली, काहींनी नाही खाल्ली, कडू ती कडूच. पण एका पोरीने आपली मेथी कापूच दिली नाही. सगळ्यांची खिचडीत गेली, हिचा डबा तसाच. मी म्हटलं राहू दे. मग तिला पांढुरकी फुलं आली, विळ्यासारख्या बारीक शेंगा आल्या, उन्हाळा लागता-लागता सगळं वाळलं आणि तिने त्या शेंगा हातावर चोळल्या. चिमूटभर मेथी निघाली. तिला वाटलं होतं मेथी दुकानात तयार होते. ती पुडी तिने माझ्या रजिस्टरमध्ये ठेवायला दिली, या वर्षी ती शाळेत पहिलीला जाईल, तरी पुडीचं विचारून गेली.

तर संपादक साहेब, एवढं लांबवण्याचं कारण असं की परसबाग, पोषण वाटिका, कृतीतून शिक्षण, २०२० च्या शैक्षणिक धोरणात तर तीन ते आठ वर्षांचा टप्पाच वेगळा काढला, हे सगळं कागदावर आहेच, मला कागदाविरुद्ध काही म्हणायचं नाही. पण जो कोणी या पावसाळ्यात लेकरांच्या नावाने काही लावायला निघाला असेल, मग ते गुरुजी असो, सरपंच असो की वाढदिवसाला रोपं वाटणारं मंडळ असो, त्यांना माझी विनंती की ५ जूनची घाई करू नका, पाऊस पडू द्या. १ जुलैला कृषी दिन असतो, आपल्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या वसंतराव नाईकांच्या जयंतीचा, तोपर्यंत जमीन पण ओली होते आणि शाळा पण उघडलेल्या असतात, तो दिवस घ्या. रोपं मोठ्यांनी लावा. लेकरांना दाणे द्या, माती द्या, डबा त्यांचा त्यांना द्या आणि मग जरा दूर उभे राहा. आणि तुमच्या बातमीदारांना पण सांगा की फोटो काढायचाच असेल तर लावायच्या दिवशी येऊ नका, महिन्याभराने या. ज्या डब्यात काहीच निघालं नाही त्याचा पण काढा, ते लेकरू डबा घेऊन उभं राहायला तयार असते, लाजत नाही.

आमचे या वर्षीचे डबे धुऊन ओसरीत उपडे ठेवले आहेत, रेती आली आहे, शेणखत एका पालकाने देतो म्हटलं आहे पण अजून दिलं नाही. ५ तारखेला काय करायचं ते विचारून ग्रुपवर मी उत्तर टाकलं आहे, की आमच्याकडे त्या दिवशी डब्यांना भोकं पाडायचा कार्यक्रम आहे. अजून कोणाचा अंगठा आला नाही.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका
ता. आर्वी, जि. वर्धा